वैशाखात ग्लोरिओसम जगवायचं असेल तर

वाचकाचं पत्र: "नमस्कार. मी वरुड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरची संत्र्याची बाग आहे. मागच्या दिवाळीनंतर फिलोडेंड्रॉन ग्लोरिओसमचं रोप ऑनलाइन मागवलं, ३,८०० रुपयांना. तीन पानं होती, मखमली, पांढऱ्या शिरांची. मोठ्या खोल कुंडीत काळी माती आणि शेणखत भरून लावलं, छपरीत टिनाखाली ठेवलं, रोज बोअरचं पाणी दिलं. थंडीभर तसंच राहिलं. चैत्र लागल्यापासून कडा करपू लागल्या, एक पान पिवळं होऊन गेलं, नव्या पानाची सुरळी उघडलीच नाही, आतल्या आत वाळली. आता खोडाचं एक टोक काळं आणि मऊ झालंय. मोबाइलवर सगळे ह्युमिडिफायर घ्या म्हणतात. शेजारचे कापसावरचं उरलेलं औषध मारा म्हणतात. सासरे म्हणतात, 'फेक वो माय, धोपाच (अळूच) तं हाये तो. तेवढ्या पैशात शेंदुरजनाघाटहून शंभर कलमा आल्या असत्या.' वाचेल का? की हे आपल्याकडचं झाडच नाही? आणि एक जण क्वीन अँथुरियम स्वस्तात देतोय, ते घेऊ का?"

ताई,

हे वाचून झालं की आधी कुंडी उलटी करा. हवा, उजेड, ह्युमिडिफायर यांचं उद्या बोलता येईल. मऊ पडलेलं खोड मात्र उद्यापर्यंत थांबत नाही, या उकाड्यात ते रोज थोडं थोडं पुढे सडत जातं.

तुमच्या पत्रात दोन दुखणी एकमेकांत मिसळली आहेत. पानांच्या करपलेल्या कडा आणि अडकलेली सुरळी ही कोरड्या हवेची आणि खाऱ्या पाण्याची कामगिरी. पण झाडाच्या जिवावर उठलीय ती कुंडी. मोबाइलवरचे लोक हवेवर बोलतात, कारण फोटोत पानंच दिसतात.

ग्लोरिओसम मूळचं कोलंबियाच्या पावसाळी जंगलातलं. फिलोडेंड्रॉन म्हटलं की आपल्याला खांबावर चढणारा वेल आठवतो, पण हे चढत नाही, सरपटतं. अंगठ्याएवढं जाड खोड पालापाचोळ्यावर आडवं पडलेलं असतं, पेरापेराला खाली मुळं सोडतं, वर एकेक पान उभं करतं आणि पुढे सरकत राहतं. मागचं टोक जुनं होत जातं, पुढचं वाढतं. हळद-अद्रकाचं कांड जमिनीत गाडतात तसं याचं खोड गाडायचं नसतं. ते मातीच्या वरच राहायला हवं, फक्त मुळं खाली. तुम्ही ते खोल कुंडीत, आणि तेही काळ्या मातीत लावलंय. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. शेतात ती कपाशीला पोसते, पण कुंडीत रोज पाणी मिळालं की तिच्यात मुळांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. मग पिथियम, फायटोफ्थोरा ही मुळं सडवणारी मंडळी येतात. फायटोफ्थोरा तुमच्या घरात अनोळखी नाही. संत्र्यावर डिंक्या आणणारी हीच. सासऱ्यांना एवढंच सांगा की खोडाशी पाणी साचलंय. पुढचा इलाज ते स्वतःच सांगतील, बहुधा माझ्यापेक्षा चांगला.

एरवी मे महिन्यात कुंडी बदलू नका असंच मी कोणालाही सांगेन. सड लागली असेल तर मात्र महिना बघायचा नाही. रोप काढा, सगळी माती पाण्याने धुवा. घट्ट, फिकट मुळं ठेवा. चिमटीत धरल्यावर साल निघून हातात दोरा राहतो ती कापा. मग धारदार पातं स्पिरिटने पुसून काळ्या टोकाकडून एकेक चकती कापत या. प्रत्येक कापानंतर पातं पुन्हा पुसा. आतला गाभा पांढरट आणि कडक दिसला, कुठेही तपकिरी ठिपका नाही, की थांबा. तपकिरी दिसतंय आणि जीव होत नाही म्हणून तिथेच थांबलात तर आठवड्याने हेच काम पुन्हा करावं लागेल आणि तेव्हा खोड आणखी आखूड झालेलं असेल.

कापलेल्या तोंडाला पावसाळ्याआधी बागेत लावता ती बोर्डो पेस्ट बोटाने पातळ लावा. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर हे प्रमाण घरात पाठच असेल. फक्त कापावरच लावा. मखमली पानावर तांबं लागलं तर डाग पडतो आणि तो जात नाही. पेस्ट नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड चिमूटभर पाण्यात कालवून चालेल. दिवसभर सावलीत तोंड सुकू द्या. उरलेली पानं अर्धी करपलेली असली तरी कापू नका. हिरवा भाग आहे तोवर तेच खोडाला पोसतंय.

आता नवीन घर. खोल कुंडी देऊन टाका, कुणीतरी त्यात कढीपत्ता लावेल. याला हवी पसरट, लांबट ट्रे, वीतभरापेक्षा कमी खोल, तळाला भरपूर भोकं असलेली. भाजीबाजारातलं जुनं क्रेट आडवं कापलं तरी काम भागतं, आतून शेडनेटचा तुकडा लावा म्हणजे भरण खाली गळणार नाही. भरण बाहेरून मागवायची गरज नाही. देवळात फुटणाऱ्या नारळांची साल आणा, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, तीन-चार दिवस पाण्यात भिजवा, रोज पाणी बदला. पहिल्या दिवशी चहासारखं पाणी निघेल ते फेका. हा निम्मा भाग. उरलेल्या निम्म्यात लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे, विटांचे बारीक रोडे, थोडा सागाचा कुजलेला पाला आणि मूठभर पूर्ण कुजलेलं गांडूळखत. भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांना धानाचं तूस मुबलक मिळतं, तेही चालतं. त्याची राख मात्र घालू नका, ती अल्कधर्मी असते आणि आपलं पाणी आधीच तसं आहे. तयार भरण मुठीत दाबून सोडलं की गोळा राहता कामा नये, पसरलं पाहिजे. शेणखत नको. कुजलेलं असलं तरी या ट्रेत नको.

खोड आडवं ठेवा, वाढणारं टोक ट्रेच्या लांब बाजूकडे तोंड करून, म्हणजे दोन-तीन वर्षं सरकायला जागा राहील. अर्धं खोड भरणात टेकलेलं, पाठ उघडी. हलत असेल तर तारेची पिन वाकवून अडकवा.

कापता कापता फक्त दोन पेरं उरली आणि एकही पान नाही असं झालं, तरी फेकू नका. केकचा पारदर्शक डबा घ्या, तळाला ओलसर तूस किंवा मॉस घाला, त्यावर खोड नुसतं टेकवा आणि झाकण लावा. एक-दोन दिवसाआड पाच मिनिटं उघडा. पेराशी सुप्त डोळा असतो, तो कधी महिन्यात हलतो, कधी तीन महिने घेतो. तो डबा उन्हात ठेवलात तर मात्र तासाभरात आतलं सगळं शिजेल.

पाण्याकडे वळू. वरुड-मोर्शीकडे बोअर किती खोल गेलेत ते तुम्हाला मी सांगायला नको. खोलवरचं पाणी क्षार घेऊन येतं. तुमच्या कुंडीच्या काठावर पांढरा थर बसलाच असेल. रोज पाणी दिलं की पाणी उडून जातं आणि क्षार मागे साठत जातात. ते मुळांना पाणी ओढू देत नाहीत, म्हणून ओल्या मातीतलं झाडही तहानलेलं असतं आणि पानाचं टोक आधी जळतं. पाणी उकळून गार केलं तर थोडा चुना तळाशी बसतो, पण मीठ, फ्लोराइड तसंच राहतं. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी तर बोअरचं पाणी या झाडाच्या जवळही आणू नये. सध्या गावातल्या आरओच्या कॅनचं पाणी वापरा. या रोपाला आठवड्याला लिटर-दोन लिटर पुरतं, खर्च काहीच नाही. घरी आरओ असेल तर त्याच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र कधीच नको. ते वाचवलं म्हणून बायका कौतुकाने कुंड्यांना घालतात, पण गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. मृगाचा पहिला एक पाऊस पत्रे धुऊन जाऊ द्या, त्यानंतरचं पागोळ्यांचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवा. दोन ड्रम भरले तर दिवाळीनंतरही बरेच महिने पुरतील.

रोज पाणी देणं बंद. भरणात बोट दोन पेरं घाला, तिथे ओल लागली तर त्या दिवशी काही नाही. कोरडं लागलं की सकाळी पूर्ण भिजवा, खालून पाणी वाहून जाऊ द्या, बशीत साचलेलं ओता. महिन्यातून एकदा ट्रेच्या मापाच्या तिप्पट-चौपट चांगलं पाणी वरून सोडून क्षार धुवा.

आता हवेचं, ज्याच्यासाठी तुम्ही पैसे खर्च करायला निघाला होता. २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता अशी जंगलातली हवा धरली, आणि आपली ४५ अंश आणि १५ टक्क्यांची मे महिन्यातली दुपार धरली, तर आपली हवा पानातून पाणी जवळपास दहापट जोराने ओढते. त्यात तुमची छपरी टिनाची. टिनाखाली बाहेरच्यापेक्षाही जास्त भाजतं. नव्या पानाची सुरळी उघडायला आतून पाण्याचा दाब लागतो आणि बाहेरची त्वचा लवचीक राहावी लागते. इथे मुळं सडलेली आणि हवा भट्टीची, दोन्ही बाजूंनी मार, म्हणून ती आतच वाळली.

ह्युमिडिफायर घेऊ नका. त्याला वीज हवी, साफ पाणी हवं, आणि उघड्या छपरीत त्याचं धुकं हातभर अंतरावर विरून जातं. तुमच्या घरात याहून मोठं यंत्र आधीच आहे: कूलर. खस किंवा वूड वूलच्या ताट्यांमधून हवा ओढणारा साधा डेझर्ट कूलर ४४ अंशांच्या दुपारी खोली तिशीच्या आसपास आणतो आणि हवेत ओलही भरतो. थंडावा आणि ओल, या झाडाला दोन्ही एकदम लागतात. पुण्या-मुंबईतल्या हौशी लोकांचा एसी थंड करतो पण हवा सुकवतो, मग त्यांना वेगळं ह्युमिडिफायर घ्यावं लागतं. त्यांची यादी आपण कशाला पाठ करायची? रोप कूलरच्याच खोलीत आणा, पण झोतात नको. झोतापासून बाजूला, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपासून दोन-तीन हातांवर, जिथे हाताची सावली पुसट पडते तिथे. कूलरच्या टाकीतलं पाणी झाडाला घालू नका, ते दिवसेंदिवस जास्त खारं होत जातं.

दुपारी लाइन गेली तर? माठाची जागा बघा. माठाशेजारची जमीन गार असते, हवा ओली. तिथे स्टुलावर ट्रे ठेवा, खिडकीला ओलं पोतं टांगा. तेवढ्यावर तीन-चार तास निघतात. पानांवर दिवसातून दहा वेळा फवारा मारायची सवय असेल तर सोडा. या हवेत तो काही मिनिटांत उडतो आणि मखमलीवर चुन्याचे ठिपके मात्र कायमचे ठेवतो. ही मखमल म्हणजे पानाच्या वरच्या थरातल्या शंकूसारख्या उभ्या पेशी. त्या फडक्याने घासायच्या नसतात, त्यांना तेल लावायचं नसतं. धूळ मऊ ब्रशने झटका.

"आपल्याकडचं झाडच नाही" याबद्दल. तुमच्याच जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीला पिढ्यान् पिढ्या विड्याची पानं आणि पानपिंपळी पिकते. दोन्ही दमट सावलीतले वेल, आणि ऊन तेच, तुमच्या गावावर पडतं ते. तिथले लोक शेवरी, पांगारा, हादगा यांची दाट सावली करतात, चारी बाजूंनी वारा अडवतात, पाणी थोडं पण वरचेवर देतात आणि खाली पाणी साचू देत नाहीत. पानमळ्यात भर दुपारी शिरलं तर बाहेरचा उन्हाळा बांधावरच राहतो. तुमच्या ग्लोरिओसमला याहून वेगळं काही नको. जमलं तर एकदा जाऊन एखाद्या जुन्या बागायतदाराशी बोला. माझ्या मते या झाडांविषयी विदर्भात सगळ्यात जास्त त्यांनाच कळतं, भले त्यांनी ग्लोरिओसमचं नाव ऐकलेलं नसो.

पण एक अपेक्षा सोडा. चैत्र-वैशाखात नवीन पान मागू नका. या दोन महिन्यांत खोड कडक राहिलं तर रोप जिंकलं. पावसाने जोर धरला आणि कूलर बंद झाला की ते बाहेर आणा, तेव्हा आपली हवा आपोआप त्याच्या मनासारखी होते. टिनाखाली नको, निंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत, हिरव्या जाळीखाली, आणि सततचा पाऊस थेट पडणार नाही असं. जुलैत नवी मुळं दिसली की १९:१९:१९ खत अर्धा ग्रॅम एका लिटरला, महिन्यातून दोनदा, मुळांशी. बागेच्या ड्रिपमधून सोडता त्या मापाने देऊ नका. जुलै ते ऑक्टोबर हाच याचा खरा हंगाम. त्यात पान महिना-दीड महिन्याला एक येतं, आणि वर्षाला चार-पाच आली तर झाड खूश आहे असं समजा. डिसेंबरात रात्रीचा पारा १२-१३ च्या खाली जायला लागला की पुन्हा आत, जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर, आणि पाणी निम्म्यावर.

कापसावरचं औषध घरात फवारायचं नाही, हे मात्र ठणकावून सांगते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन माणसं गेली, ती उघड्या शेतात होती. तुम्ही बंद खोलीत, स्वयंपाकाच्या वाऱ्यावर ते मारायला निघालात, तेही कीड दिसलेली नसताना. सडीवर कीटकनाशक काही करतही नाही. उन्हाळ्यात या पानांवर येतो तो लाल कोळी. पान उलटं करून बघा, बारीक जाळं आणि धुळीसारखे ठिपके दिसले तर पानाच्या खालच्या बाजूला चांगल्या पाण्याचा हलका झोत, तीन दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून फक्त त्यालाच टिपा. निंबोळी तेल मखमली पानावर डाग पाडतं, वापरायचंच असेल तर आधी एका कोपऱ्यावर लावून चार दिवस थांबा.

सासऱ्यांचं म्हणणं अगदी चूक नाही. धोपा, सुरण आणि ग्लोरिओसम एकाच कुळातले आहेत. धोप्याच्या पानाने घसा खवखवतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे, ते यातही आहेत. म्हणून लहान मुलं आणि शेळी यांच्यापासून ट्रे लांब ठेवा, आणि खोड कापताना हातमोजे घाला. याच्या वड्या मात्र होत नाहीत, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

क्वीन अँथुरियम घेऊ नका, स्वस्तात असलं तरी. तेही कोलंबियाचं, पण ग्लोरिओसमपेक्षा कितीतरी नाजूक. त्याची लांब पानं आर्द्रता थोडी घसरली तरी वाकडी येतात, आणि कूलर बंद पडलेली एक दुपार त्याला पुरते. शिवाय मे महिन्यात कुरिअरने येणारं कुठलंही रोप आधी दोन-तीन दिवस गोडाऊनच्या पत्र्याखाली भाजून येतं. हात शिवशिवतच असेल तर अँथुरियम क्लॅरिनर्व्हियम बघा. ते दक्षिण मेक्सिकोतल्या चियापासच्या चुनखडीच्या खडकांवर वाढतं, पान जाड पुठ्ठ्यासारखं, शिरा अशाच पांढऱ्या. आपलं जड पाणी आणि कोरडी हवा ते पुष्कळ सोसतं. मागवायचं ते ऑगस्टमध्ये, विकणाऱ्याकडून मुळांचा फोटो घेऊन. आणि कोणी या झाडांचं "दुर्मिळ बी" पाकिटात विकत असेल तर पैसे देऊ नका. असली बहुतेक पाकिटं फसवणुकीची असतात.